बाळंतविडा की रुखवत?

पत्राचा सारांश : कोल्हापुरात राहणाऱ्या ५९ वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या क्रोशाने बाहुल्या, प्राणी, पाळण्यावर टांगायची खेळणी आणि बाळाच्या खोलीसाठी पताकांच्या माळा विणू लागल्या. गेल्या वर्षी पुण्यातील भाच्याच्या मुलीच्या बारशासाठी त्यांनी दीड महिना खपून एक मोठी बाहुली, ढग-चांदण्यांचे टांगते खेळणे आणि एक माळ केली. काही महिन्यांनी त्या भाच्याकडे गेल्या, तेव्हा हे सगळे पॉलिथिनच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेले दिसले. पाळण्यावर बॅटरीवर फिरणारे बाजारचे खेळणे होते. आता त्यांच्या मुलीला सातवा महिना लागला असून ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे आणि गणपतीच्या सुमारास बाळ येईल. मुलीने फोनवर सांगितले, “आई, या वेळी बाहुल्या वगैरे नकोत गं. धूळ बसते, आणि डॉक्टर पाळण्यात काही ठेवू नका म्हणतात.” शेजारच्या दोघी-तिघींना मात्र बाहुल्या हव्या आहेत आणि “काकू, लोकरीचे पैसे घ्या की,” असे त्या म्हणतात. पत्रासोबत पुण्याच्या बाहुलीचे छायाचित्र आहे : काळ्या मण्यांचे डोळे, फ्रॉकला मोत्याची गुंडी. पत्रलेखिका विचारतात, हाताच्या कामाची किंमत आजकालच्या मुलांना उरलेली नाही का? भेट म्हणून विणणे थांबवावे आणि पैसे देईल त्यालाच विणून द्यावे का?

ताई,

तुमच्या पत्रातील त्या पिशवीपाशी मी थोडा वेळ थांबले. दीड महिना रोज संध्याकाळी घातलेले टाके गाठ मारलेल्या पिशवीत दिसले, तर कोणालाही वाईट वाटेल. ‘त्यात काय एवढे’ असे मी म्हणणार नाही. मात्र दोन निरनिराळ्या घटना तुम्ही एकाच दोऱ्यात ओवल्या आहेत आणि त्या मला आधी सुट्या कराव्याशा वाटतात. भाचेसुनेने तुम्हाला काहीच सांगितलेले नाही. तुम्ही पाहिलेत आणि मनाशी अर्थ लावलात. मुलीने मात्र काय नको आणि का नको, हे दोन्ही स्वच्छ शब्दांत सांगितले. पहिल्या घटनेतील दुखणे दुसऱ्या घटनेवर जाऊन बसल्यामुळे मुलीचे साधे, विचारी बोलणेही तुम्हाला नकारासारखे ऐकू आले असावे, असे पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटले.

माळ्यावर गेलेली वस्तू नकोशी झालेली असते, हे तुमचे पहिले गृहीतक. आपल्या घरांच्या माळ्यांवर काय असते, ते आठवून पाहा. आजीचे तांब्याचे घंगाळ, मुलांच्या पहिल्या इयत्तेच्या वह्या, आता कोणी नेसत नाही आणि देऊनही टाकवत नाही असा शालू. खरोखर नकोशी झालेली वस्तू भंगारात जाते, नाहीतर पुढच्या एखाद्या बारशाला गुपचूप आहेर म्हणून फिरते. धूळ लागू नये म्हणून पिशवीत घालून, गाठ मारून ठेवलेली बाहुली या दोन्हींपैकी कशातच बसत नाही. ती कदाचित मुलीला समज येण्याची वाट पाहत असेल. कदाचित त्या घराच्या रंगरूपात ती बसली नसेल आणि तरीही टाकवली नसेल. नक्की काय ते मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही विचारल्याचे पत्रात कुठेच आलेले नाही.

दुसरे गृहीतक थोडे खोलवरचे आहे. भेटीला जितका वेळ लागला तितकी ती मोठी, असा हिशोब तुमच्या पत्रातून सतत डोकावतो. ‘दीड महिना’ हे शब्द चार वेळा आले आहेत. आपल्या पिढीला हा हिशोब रुखवताने शिकवला, असे मला वाटते. रुखवतातील क्रोशाचे टेबलक्लॉथ, मण्यांचे ससे, भरतकामाच्या चौकटी या मुलीच्या हाताचे कसब मांडवात चारचौघांना दिसावे म्हणून मांडल्या जात, आणि लग्नानंतर त्यांतील बहुतेक वस्तू ट्रंकेत जात. त्याबद्दल कोणी रुसत नसे. (आमच्याकडे टीव्हीवर हंसाच्या नक्षीचा क्रोशाचा रुमाल असे. बातम्या लागल्या की हंसाची मान उचलून मागे टाकावी लागे. एरवी त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.) बाळंतविड्याचा रिवाज अगदी वेगळा होता. त्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी असत आणि दुपट्यांसाठी मुद्दाम जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी काढली जात. त्यात कसब नव्हते असे नाही, पण ते बाळाच्या अंगाला टोचणार नाही याचीच काळजी घेत असे. दुपट्याला किती तास लागले हे कोणी विचारत नसे, आणि चार महिन्यांत ते विरून गेले तर शिवणाऱ्या बाईला बरेच वाटे.

तुम्ही पुण्याला जे नेलेत ते प्रेमाने केलेले रुखवत होते, असे म्हटले तर रागावू नका. मुलीच्या बाळासाठी बाळंतविडा विणता येईल का, एवढाच प्रश्न आता उरतो. आणि क्रोशाच्या सुईने तो उत्तम विणता येतो.

त्यासाठी मुलीच्या डॉक्टरांचे म्हणणे आधी मनापासून मान्य करावे लागेल. बाळ वर्षाचे होईपर्यंत त्याच्या झोपण्याच्या जागेत मऊ खेळणी, उशा, जाड पांघरुणे काहीच ठेवू नये आणि त्याला सपाट, घट्ट गादीवर उताणे झोपवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. नाका-तोंडावर आलेली वस्तू लहान बाळाला स्वतः दूर करता येत नाही, हे त्यामागचे कारण आहे. बाहुली हाताने विणलेली असो की बाजारची, या बाबतीत काही फरक पडत नाही. थोडक्यात, मुलीने नकार दिला तो तान्ह्या बाळाशेजारच्या बाहुलीला. आईच्या विणकामाला तिने नाही म्हटल्याचे मला त्या वाक्यात दिसत नाही.

पाळण्यावरच्या खेळण्याचे तसे नाही, आणि इथे तुमच्या कलेला भरपूर वाव आहे. जुन्या घरांत पाळण्यावर चिमणाळे, म्हणजे चिमण्यांचा झुबका, टांगत, ते याचेच घरगुती रूप. मात्र बहुतेक विणलेली खेळणी उभ्या माणसाला छान दिसतील अशी केलेली असतात, आणि बाळ तर खाली उताणे असते. त्याला हत्तीची सोंड दिसत नाही, पोट आणि चार तळपाय दिसतात. म्हणून चिमण्या किंवा मासे करा आणि ते तोंड खाली येईल असे टांगा, किंवा चपट्या गोल चकत्या करून त्यांची नक्षीची बाजू पाळण्याकडे ठेवा. रंगांचेही तसेच आहे. फिकट गुलाबी, फिकट निळा, साय घातलेल्या दुधासारखा पिवळा हे रंग मोठ्यांना ‘बाळाचे’ वाटतात. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचेच बरे दिसते आणि त्यातही काळे-पांढरे किंवा लाल-पांढरे अशा ठसठशीत फरकाकडे त्याची नजर आधी जाते. टांगते खेळणे हाताला लागेल इतके जवळ आणता येणार नाही, म्हणून आकार मोठे, कमी आणि गडद ठेवा. ते हलत्या पाळण्याच्या दांडीला न बांधता छताच्या कडीला पक्के अडकवा. बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलू लागले, म्हणजे साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास, ते उतरवून ठेवा. मुलगी सासरी परत गेली असेल, तर ही गोष्ट तिला आठवणीने सांगा. ते उतरवले म्हणजे अपमान झाला असे तेव्हा मानू नका.

आता बाहुली. ती विणणे थांबवू नका. फक्त बारशाऐवजी पहिल्या वाढदिवसाला द्या. वर्षाच्या सुमारास मूल वस्तू कवेत घेते, फरफटत नेते आणि पुढे हळूहळू तिला भरवते, तिच्याशी बोलते. आपली जुनी लाकडी ठकीसुद्धा अशाच हातांसाठी होती. जपानमध्ये अमिगुरुमी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गोलाकार विणीचे तंत्र तुम्हाला येतेच : सहा मुक्या खांबांचे (क्रोशाच्या आखूड टाक्यांचे) वर्तुळ, मग १२, १८, २४ असे वाढवत फेरी न जोडता पुढे जायचे. लहान मुलांसाठी विणताना लोकरीच्या लेबलावर सांगितलेल्या सुईपेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई घ्या, म्हणजे वीण घट्ट येऊन भरण बाहेर डोकावत नाही. भरण पॉलिस्टर फायबरचे असावे. कापूस धुतला की गोळे होतात आणि आपल्याकडच्या पावसात तो आतून वाळतच नाही. कुबट वास येऊ लागलेली बाहुली मग कोणालाच हवीशी वाटत नाही.

डोळ्यांबद्दल मी आग्रहाने लिहिणार आहे. मणी, बटणे, मोती, टिकल्या यांतील काहीही तीन वर्षांखालील मुलाच्या बाहुलीला नको. जी सुटी वस्तू साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात मावते, ती त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असे खेळण्यांच्या तपासणीत मानतात. तुमच्या बाहुलीचे मणी तर तुरीच्या दाण्याएवढे दिसतात. मागून चकती दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे डोळे सुरक्षित म्हणून विकले जातात खरे, पण विणीची भोके ओढून ओढून सैल होतात आणि चकतीसकट डोळा बाहेर येऊ शकतो. डोळे, नाक, तोंड सगळे दोऱ्याने भरा. केसांची लांब लोंबती बटही नको. सुटा दोरा किंवा दोरी वीतभरापेक्षा आखूड ठेवावी. मोजे विणणार असाल तर ते उलटून आतले प्रत्येक टोक बुजवा, कारण एखादा सुटा धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती आवळला जातो, बोट सुजते, बाळ रडत राहते आणि घरातल्यांना कारण लवकर सापडत नाही. मोठ्या भोकांच्या जाळीचे पांघरूणही याच कारणाने टाळा. त्यात बोटे अडकतात.

दोऱ्याबाबत फार लांबण लावत नाही. बाळाच्या अंगाला लागणारे सगळे सुती, भिंतीवरचे हवे तर ॲक्रिलिक, आणि तूस सुटणारी फुगीर लोकर कशालाच नको. गडद लाल किंवा काळा दोरा आणलात, तर त्याची ओली गुंडी पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा दुसऱ्या कामाला वापरा. एक गोष्ट मात्र कोल्हापूरच्या पावसात विशेष सांभाळायची. लोकरीच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याला सवय असते. त्यांतील नॅप्थलीन तान्ह्या बाळाला, विशेषतः जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला घातक ठरू शकते. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. अशी कमतरता आहे की नाही, हे बाळ आले त्या दिवशी बहुतेकांना ठाऊकही नसते. म्हणून बाळासाठीचा दोरा आणि तयार कपडे या गोळ्यांपासून पूर्ण लांब ठेवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल, आणि देण्यापूर्वी प्रत्येक वस्तू धुऊन उन्हात वाळवा. ऊन मिळेल तेव्हा, अर्थात.

मुलीशी काय बोलायचे, हा खरा नाजूक भाग आहे. विचारले तर भेटीतील गंमत जाते, असे तुम्हाला वाटत असेल. तुम्ही लिहिलेत की पुण्याला ‘सरप्राइज’ द्यायचे होते. आपण कोल्हापूरकर पाहुण्याच्या पानात न विचारता तांबडा रस्सा वाढतो आणि त्याच्या कपाळावर घाम आला की समाधान पावतो. बाळंतिणीच्या पानात मात्र विचारूनच वाढतो ना? तसेच इथे करा. तिला म्हणा, “मला बाळासाठी काहीतरी विणायचंय. दुपटी ठेवायची टोपली करू, की पाळण्यावरचं चिमणाळं? रंग तू सांग. आणि आत्ता काहीच नको असेल तर तेही सांग, मी पहिल्या वाढदिवसाला बाहुली करेन.” यात शेवटचे वाक्य गाळू नका, ‘नको’ म्हणायची मोकळीक मिळाली की माणसे ‘हवे’ हेही मनापासून म्हणतात. अशाच पेचात असलेल्या इतर मावश्या, आत्या आणि आज्यांनीही दोनच पर्याय द्यावेत. ‘तुला काय हवं ते सांग’ म्हटले, की समोरची मुलगी संकोचाने ‘काहीही चालेल’ म्हणते आणि आपण पुन्हा मोठी बाहुली विणायला बसतो.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे, ताई. पहिले दोन-तीन महिने बाळ तुमच्याच घरी असणार आहे. त्या खोलीच्या भिंती तुमच्या आहेत. पताकांची माळ तिथे हौसेने लावा, पाळण्यापासून दूर आणि बाळाच्याच काय, घरी येणाऱ्या इतर मुलांच्याही हाताला येणार नाही इतकी उंच. दर पंधरा दिवसांनी धुवा, म्हणजे धुळीची तक्रार उरणार नाही. जाड सुती दोरीची टोपली, लंगोटांसाठी टांगती झोळी, खांद्यावर टाकायचा मऊ रुमाल असे किती तरी विणता येईल. मुलीलाही विसरू नका. गरम पाण्याच्या पिशवीला क्रोशाची सुती खोळ, बसून पाजताना पाठीशी घ्यायच्या तक्क्याला अभ्रा, अशा वस्तू कोणी भेट म्हणून देत नाही आणि त्या दिवसांत दिवसातून दहा वेळा त्यांना हात लागतो. या खोलीतील काय सासरी न्यायचे आणि काय इथेच ठेवायचे, हे तिला ठरवू द्या.

शेजारणींबद्दल. त्यांना जरूर द्या, पण ‘लोकरीचे पैसे’ हा भाव घेऊ नका, कारण तो ना भेटीचा ना विक्रीचा. वीतभर बाहुलीला तुमचे १५ तास जात असतील आणि ताशी अवघे ५० रुपये धरले, तरी लोकर-फायबर सोडून ७५० रुपये होतात. हा आकडा एकदा मोकळेपणाने सांगून पाहा. ज्या ‘बरं’ म्हणतील त्या गिऱ्हाईक. ज्या हसून विषय बदलतील, त्यांना चहा द्या. विक्री नियमित करणार असाल, तर १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी केंद्राचा गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यानुसार खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह लागते. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंसाठी त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून आधी नोंदणीची चौकशी करा, मग बाहुल्या मांडा. मात्र भाचेसुनेवरच्या रागापोटी दुकान काढू नका. गिऱ्हाईकही बाहुली घरी नेऊन माळ्यावर ठेवू शकते, आणि तिथे तर विचारायचीही सोय नाही.

आता पुण्याचा फोन, जो तुम्ही एवढे महिने टाळला आहे. तो या आठवड्यातच करावा लागेल, कारण भाच्याची मुलगी आता वर्षाची होत आली असेल आणि कोणत्याही दिवशी कोणीतरी ती पिशवी सोडून बाहुली तिच्या हातात देईल. भाचेसुनेला एवढेच सांगा, “अगं, त्या बाहुलीचे डोळे मण्यांचे आहेत, ती तशीच तिच्या हातात देऊ नकोस. माझ्याकडे पाठव, मी डोळे बदलून देते.” पिशवी दिसली होती, हे बोलू नका. का ठेवली ते ती स्वतःहून सांगेल किंवा नाहीही सांगणार, दोन्ही चालेल. बाहुली हाती आली की मणी कापून काढा, मागे उरलेली भोके अंगाच्याच रंगाच्या दोऱ्याने बुजवा आणि त्यावर काळ्या दोऱ्याने डोळे भरा. फ्रॉकची मोत्याची गुंडी काढायला विसरू नका.